उचलपथक

"हात लावलास तर बोटं मोडून तुझ्याच हातात देईन," पद्माताई म्हणाल्या.

मी हात मागं घेतला. माझ्या शेजारी बारक्या उभा होता, त्यानं दोन्ही हात पाठीमागं लपवले. बारक्या तालमीतला गडी. त्याला बारक्या म्हणायचे कारण त्याचा थोरला भाऊ त्याच्याहून मोठा होता. बाकी आमच्या गावात त्याच्याहून मोठी फक्त पाण्याची टाकी.

"ताई, लस वर आहे," मी म्हणालो.

"मला म्हाईत हाय वर काय हाय ते."

"मग घ्यायची तर वर जायला लागणार."

"हे बघ विश्वा. लसीला पाय न्हाईत, मलाबी न्हाईत. दोघीत जिला उचलणं सोपं, तिला उचला."

बारक्यानं यावर खरोखर विचार केला. "लस हलकी असती," तो मला म्हणाला.

मनोमीलन मंगल कार्यालयाच्या जिन्याखाली आम्ही उभे होतो. पद्माताई त्यांच्या तीनचाकी सायकलवर बसलेल्या, हातानं पॅडल मारायची ती. सायकल त्यांनी पहिल्या पायरीला आडवी लावली होती. चुकून नव्हे. दोनदा मागं-पुढं करून, नीट अंदाज घेऊन लावली होती. जिना अरुंद. आता त्यावरून मांजर गेलं असतं, कार्यकर्ता जाणं शक्य नव्हतं.

जिन्याच्या वर बॅनर होता : 'दिव्यांग बंधू-भगिनींसाठी भव्य लसीकरण व सत्कार सोहळा'. सत्कार लस घेतल्याबद्दल होता की दिव्यांग असल्याबद्दल, ते त्यावर लिहिलं नव्हतं. कार्यक्रम पहिल्या मजल्यावर होता. लिफ्ट नव्हती. ही चूक कुणाच्या लक्षात आली नव्हती असं नाही. लक्षात आली होती, म्हणून तर आम्ही होतो.

आमचं नाव उचलपथक. शिबिर भरवणाऱ्या जयदीपदादांनी ते स्वतः सुचवलं आणि टीशर्टवर रातोरात छापून आणलं. पुढं 'उचलपथक', पाठीवर दादांचा हसरा फोटो, हात जोडलेला. खुर्ची उचलून आम्ही जिना चढायला लागलो की मागून बघणाऱ्याला दादाच नमस्कार करत वर निघाल्यासारखे दिसायचे. पद्धत साधी होती. माणसाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, चौघांनी चार पाय धरायचे, 'गणपती बाप्पा' म्हणून उचलायचं. मधे जिना वळायचा. तिथं खुर्ची मागं कलायची आणि बसलेला माणूस छताकडं तोंड करून डोळे घट्ट मिटायचा. 'मोरया' वळण पार पडल्यावर. आधी म्हटलं तर हात सुटायची भीती.

सकाळपासून दहा-बारा जणांना आम्ही असं वर नेऊन ठेवलं होतं. त्यात गणपू खोत होते, ज्यांचा पाय कारखान्याच्या आवारात उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता. ते पूर्ण जिनाभर आम्हाला शिव्या देत होते आणि वळणावर तेवढं रामाचं नाव घेत होते.

तेव्हा कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती. लस म्हणजे लॉटरी झालेली. मी मेकॅनिकल इंजिनिअर होऊन घरी बसलो होतो. पुण्याच्या कंपनीनं नोकरी दिली आणि मी बॅग भरेपर्यंत काढूनही घेतली. आई म्हणाली, "दिवसभर छताकडं बघतोस. त्यापेक्षा जरा लोकांकडं बघ." म्हणून मी दादांच्या आपुलकी युवा मंचात स्वयंसेवक झालो. माझ्याकडं आमच्या भागातल्या अपंग माणसांचे डबे आले. दारावरच्या खिळ्याला डबा अडकवायचा, हाक मारायची, लांब जाऊन उभं राहायचं.

पद्माताई चौगुले त्यातल्याच. वय पंचेचाळीसच्या आसपास. गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायच्या आणि साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या. आई पहिल्या लाटेत गेली होती, दुसरं कुणी नव्हतं. चाकं लावलेल्या फळीवरून त्या घरभर फिरायच्या. पहिल्याच दिवशी डबा घ्यायला दारात आल्या आणि म्हणाल्या, "आमटीत डाळ सापडली तर परत ठेवीन हं. कुणाची तरी चुकून पडली असेल." मला त्या तिथंच आवडल्या. रोज लांब उभं राहून आमची टिंगल चालायची. फक्त दादांचं नाव निघालं की त्या मशीनचं चाक जोरात फिरवायच्या, त्यामुळं त्या काय म्हणायच्या ते मला कधी ऐकू आलं नाही.

त्यांना लहानपणी पोलिओ झालेला. कणाही वाकला, बरगड्या एका बाजूनं आत दबलेल्या. डॉक्टरांनी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं, "तुमच्या छातीत श्वासाला आधीच जागा कमी आहे. तुम्हाला कोरोना झाला तर अवघड आहे. लस घ्या." त्या दोनदा गेल्या होत्या. एकदा दुपारपर्यंत उन्हात थांबून लस संपली म्हणून परत, एकदा पायऱ्या बघून परत. पुढचं शिबिर कधी, हे कुणाला माहीत नव्हतं. म्हणून मी या शिबिराचं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "खाली हाय का वर?"

मी दादांना विचारलं. दादा म्हणाले, "खालीच की. जेवणाचा हॉल मोकळाच आहे."

खाली होतंही. आदल्या संध्याकाळी बदललं. प्रमुख पाहुणे येणार म्हणून नाश्ता ठरला, उप्पीट आणि शिरा. मग प्रश्न आला की लस खाली आणि नाश्ता वर, की नाश्ता खाली आणि लस वर. गरम पातेली घेऊन जिना चढणं धोक्याचं, असं सर्वानुमते ठरलं.

पातेली धोक्याची. माणसं चालतात.

मला राग यायला वेळ लागतो. आमच्या घरातला सगळा राग वडिलांकडं होता आणि तो त्यांनी कुणाला वाटून दिला नाही. पण त्या सकाळी जेवणाच्या हॉलमध्ये, रिकाम्या फरशीवर, पंख्याखाली शिऱ्याचं पातेलं एकटंच बसलेलं बघितलं आणि माझा पाय तिथून निघेना. मला वाटलं भूक असेल.

"काय झालं? का थांबलाय?" दादा वरून जिन्यात आले. पांढरा शर्ट, मास्क हनुवटीखाली. खाली बघितल्यावर त्यांचा चेहरा पाठीवरच्या फोटोसारखा झाला. "अरे वा, पद्माताई! आमची बहीण आली! बसवा रे ताईंना खुर्चीत."

"मी बसलेलीच हाय," ताई म्हणाल्या.

"तसं नव्हे, वर जायला."

"मी वर येत न्हाई."

"ताई, घाबरायचं काही कारण नाही. आमची पोरं एक्स्पर्ट आहेत. सकाळपासून एक माणूस पडलेला नाही."

हे ते अभिमानानं म्हणाले. बारक्याही जरा ताठ झाला.

"सायकल तरी बाजूला घ्या," दादा म्हणाले. "नारळाचं दुसरं पोतं वर जायचंय."

"जाऊ दे की. नारळाला म्हणावं, उडी मार."

तेवढ्यात मुल्लाणी सिस्टर दादांच्या मागून खाली उतरल्या. सरकारी दवाखान्यातल्या. वर्षभर किटमध्ये घामानं भिजून त्यांचा आवाज कायमचा बसला होता. त्या कुणाशीही दुकानात भाव विचारावा तशा बोलायच्या. त्यांनी सायकल बघितली, ताईंना बघितलं, जिना बघितला.

"एवढंच ना? मी खाली येते की डबा घेऊन," त्या म्हणाल्या. निळ्या रंगाचा बर्फाचा डबा असतो, लसीचा. "दोन मिनिटांचं काम आहे."

"तसं कसं सिस्टर," दादा म्हणाले. "स्टेज वर आहे. समई वर आहे. बॅनर वर आहे."

"बॅनरला टोचायचंय काय?"

"आणि दीपप्रज्वलनाआधी एकही लस नाही. अण्णासाहेब येताहेत."

"तुमची माणसं सकाळपासून वर बसलीत. पाण्याचा घोट घ्यायला भितात ती, मुतारी खाली आहे म्हणून. त्या खोतांना जायचंय."

"दम धरा म्हणावं थोडा. कार्यक्रम एकदा पार पडू दे."

दादा मग वाकले आणि ताईंच्या सायकलच्या दांड्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "ताई, पाहुण्यांसमोर हट्ट बरा दिसत नाही. मी स्वतः उचलतो तुम्हाला. भाऊ समजा."

ताई त्या हाताकडं बघत राहिल्या. त्या म्हणाल्या, "दांड्यावरचा हात काढा."

त्यांचा आवाज इतका वेगळा होता की दादांनी हात काढला. मग पँटला पुसला आणि कठड्यावरून टांग टाकून निघून गेले, वर नाही, मागच्या दारानं बाहेर, अण्णासाहेबांना आणायला.

मी ताईंच्या शेजारी पायरीवर बसलो. "घ्या की ओ ताई. मी आणि बारक्या उचलतो, दादांना लांब ठेवतो. तुमच्या जिवाचा प्रश्न आहे."

"जिवाचाच हाय," त्या म्हणाल्या.

अण्णासाहेब म्हणजे माजी सभापती. ते आले, हलगी वाजली, पाचपेक्षा जास्त माणसांनी एकत्र येऊ नये असा फलक दारात होता, त्याच्याच खाली पन्नास माणसांनी त्यांना हार घातले. अण्णासाहेब काठी टेकत जिन्यापाशी आले आणि थांबले. त्यांनी ताईंकडं बघितलंच नाही. ते पायऱ्यांकडं बघत होते, खालपासून वरपर्यंत, सावकाश, जशी माणसं हॉस्पिटलच्या बिलाकडं बघतात.

"वर हाय काय रं कार्यक्रम?"

"हो अण्णा. मोठा हॉल आहे."

"मी न्हाई चढत बाबा. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय मागच्या महिन्यात. डॉक्टरनं पायरी चढू नको म्हणून सांगितलंय."

बारक्या पुढं सरसावला. "अण्णा, खुर्चीत बसा. आम्ही उचलतो की. वळणावर जरा डोळे मिटायचे."

अण्णासाहेबांनी त्याच्याकडं असं बघितलं की मला वाटलं हा आता पाण्याच्या टाकीमागं जाऊन लपणार.

"मला उचलतोस? मी काय ह्यो हाय काय?" अण्णासाहेब म्हणाले. 'ह्यो' म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना समजलं.

मग जे घडलं ते मी आजवर कुठल्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात वाचलेलं नाही. दादा म्हणाले, "सगळं खाली घ्या रे!" आणि सगळं खाली आलं. बॅनर आला. स्टेजवरची सोफासेटची लाल खुर्ची आली, समई आली, माइक, टेबलं, कॉम्प्युटर आणि तो चालवणारा पोरगा आला, सिस्टर निळा डबा कडेवर घेऊन आल्या. ताईंनी कुणी न सांगता सायकल मागं घेतली आणि वाट करून दिली. त्या जेवणाच्या हॉलच्या दारात जाऊन थांबल्या. पातेली मागच्या पडवीत गेली, त्यांना काहीही झालं नाही. जे दोन तास शक्य नव्हतं ते एका माणसाच्या गुडघ्यानं पाणी गरम व्हायच्या आत करून दाखवलं.

समई पेटली. हाताला सॅनिटायझर लावलेला असताना काडी ओढायची नाही, असं दादांनी माइकवरून दोनदा सांगितलं, म्हणजे आरोग्याची काळजी घेतली गेली. मग ते म्हणाले, "आमच्या दिव्यांग भगिनी पद्माताई यांना जिना चढायला लागू नये, या एकाच भावनेतून आपण आज संपूर्ण सोहळा खाली आणलेला आहे!" टाळ्या पडल्या. ताई त्यांच्याकडं एकटक बघत होत्या.

पहिली लस दादांच्या मेव्हण्यानं घेतली, कारण कार्यालय त्याचं. त्यासाठी बाटली उघडली. सिस्टर म्हणाल्या, "आता लवकर पाठवा एकेकाला. उघडलेली बाटली फार वेळ ठेवता येत नाही. कुठं आहेत सगळे?"

सगळ्यांनी इकडंतिकडं बघितलं. हॉल माणसांनी भरला होता. सगळी माणसं उभी होती. दिव्यांगांच्या भव्य सोहळ्यात, दारातल्या पद्माताई सोडल्या, तर एकही दिव्यांग नव्हता.

"वाया नको जायला," दादा म्हणाले. "आपली पोरं घेतील. चला रे, रांग लावा."

आणि लावली की रांग. मिनिटभरात. बाह्या वर करून. माझ्या ओळखीची पोरं होती, वाईट नव्हती कुणी. लस मिळत नव्हती, समोर दिसली, उभे राहिले.

तेव्हा वरून आवाज यायला लागला. ठक. ठक. ठक. पाठोपाठ गणपू खोतांचा आवाज, जिन्याच्या कठड्यावरून, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा : "आरं ए! आमाला वर ठेवून गेला काय रं? आँ? लस गेली, समई गेली, पंखा बी बंद करून गेला की रं भाड्यांनो! माळ्यावर पसारा टाकल्यागत टाकलाय व्हय आमाला?"

ठक. ते सत्काराचा नारळ फरशीवर आपटत होते.

सोहळा खाली आणताना आम्ही समईतलं तेल सांडू दिलं नव्हतं. माणसं राहिली होती वरच.

मघाशी पातेल्यापाशी मला थांबवलं होतं ती भूक नव्हती. आता मला कळलं. मी रांगेतल्या पहिल्या पोराच्या वर केलेल्या बाहीला धरून त्याला बाहेर ओढला. "वर चल," मी म्हणालो. "माणसं खाली आणायचीत."

"आधी टोचून घेतो की."

"आधी वर चल!"

मी ओरडल्याचं मलाच नवल वाटलं. त्यालाही वाटलं असावं, पण तो हलला नाही. त्याच्या मागचा हलला नाही. त्याच क्षणी करकर आवाज झाला. पद्माताई पॅडल मारत रांगेच्या आणि टेबलाच्या मधे घुसल्या आणि सायकल आडवी लावून थांबल्या.

"आता कुणाला टोचत्यात बघू," त्या म्हणाल्या. "वरची सगळी खाली येईस्तोवर कुणाला न्हाई. मलाबी न्हाई."

सिस्टरांनी डब्याचं झाकण लावलं आणि त्यावर कोपर टेकून बसल्या. "मला काय," त्या बसक्या आवाजात म्हणाल्या. "बाईच आडवी आली, मी काय करणार."

मग आम्ही धावलो. मी, बारक्या आणि रांगेतले तिघं-चौघं, ज्यांना लाज वाटली ते. दादांना दुसरा उपाय राहिला नाही, तेही म्हणायला लागले, "चला चला, पटापट." उतरताना गणपती बाप्पा कुणी म्हटलं नाही. खोतांना आधी मुतारीत नेलं. ते आतून म्हणाले, "विश्वा, तुझ्या त्या दादाला सांग, मी त्याचं नाव घेऊन सोडतोय."

शेवटचा माणूस खाली आला. बाटलीतलं जे होतं ते अजून वापरण्याजोगं होतं, सिस्टर म्हणाल्या. आता खुर्च्यांवरची माणसं रांगेत होती आणि उभी माणसं भिंतीला. सगळ्यांच्या पुढं पद्माताई.

दादांना वातावरण ओळखता यायचं. ते शाल घेऊन आले. फोटोग्राफर त्यांच्या मागं. "आधी आमच्या ताईंचा सत्कार," ते माइकशिवायच मोठ्यानं म्हणाले. "ताईंनी आज आम्हाला शिकवलं." शाल उलगडली, दोन्ही हात ताईंच्या खांद्यांकडं नेले.

"ताई, इकडं बघा. हसा जरा," फोटोग्राफर म्हणाला.

"हात लावायचा न्हाई," ताई म्हणाल्या.

"अहो शाल आहे."

"तुम्ही मला हात लावायचा न्हाई. तुमचाच नियम हाय."

दादांचे हात शालीसकट तसेच हवेत. "माझा? कसला नियम?"

"आईला दवाखान्यात न्यायला गाडी आली त्या दिवशी." ताईंचा आवाज चढला नव्हता. साडीला फॉल कुठल्या रंगाचा लावायचा ते विचारावं तसा सपाट होता. "तुमच्या मंचाची गाडी. तुम्ही समोरच्या कट्ट्यावर उभे होता. मोबाईलवर काढत होता, मंचानं गाडी दिली म्हणून. मी दाराशी फळीवर होते. म्हटलं, मला वर ठेवा गाडीत. आईच्या पायाशी ठेवा. एवढंसं अंतर होतं. म्हटलं, दादा, उचला मला."

अण्णासाहेबांनी लाल खुर्चीत पाय हलवला.

"तुम्ही म्हणाला, आत्ता कुणाला हात लावायचा न्हाई, नियम हाय. आणि सोबतच्याला चालता आलं पायजे. गल्लीतली सगळी होती दारादारांत. कुणी आलं न्हाई पुढं. आई आतनं म्हणत होती, तिला घ्या ओ, तिला घ्या, ती हलकी हाय. मी हाताला धरून चढायला बघितलं. चाकं घसरली फळीची. पालथी पडले. गाडी गेली." त्या थांबल्या. "तशीच होते मी रस्त्यात. किती वेळ ते मला म्हाईत न्हाई. कुणी उचलून सरळबी केलं न्हाई."

कॉम्प्युटरचा पोरगा कीबोर्डकडं बघत बसला.

"आई परत आली न्हाई. कुठं जाळली तेबी मला कुणी दाखवलं न्हाई. आणि आज अख्खं पथक उभं मला उचलायला. आज मी काय फुलाची झाले काय?"

"खरं हाय काय रं हे?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"अण्णा, तेव्हा परिस्थिती तशी होती," दादा म्हणाले. "वरूनच आदेश होते."

"तुमचं सगळं वरच असतंय," रांगेतून गणपू खोत म्हणाले.

दादांनी शाल घडी करायला घेतली. घडी जमेना. ते हसण्याचा प्रयत्न करत होते. तो चेहरा माझ्या पाठीवर छापलेला आहे हे मला एकाएकी आठवलं, आणि अंगावर पाल चढल्यासारखं झालं. मी टीशर्ट ओढून काढला आणि त्यांच्या हातात दिला. घाईत एक गोष्ट विसरलो, आत बनियन नव्हतं. जेवणाच्या हॉलमध्ये, माजी सभापतींसमोर, मी फक्त पँट आणि मास्क अशा वेशात उभा राहिलो.

बारक्यानंही काढायला घेतला. त्याच्या मापाचा टीशर्ट त्यांनी आणलाच नव्हता, तो खांद्यात अडकला. हात वर, डोकं आत, अशा अवस्थेत तो भिंतीला धडकला. शेवटी गणपू खोतांनी खुर्चीतूनच एक बाजू धरली, मी दुसरी, आणि तो टर्रकन फाटला. दादांचा नमस्कार बरोबर मधे दुभंगला, एकेक हात एकेका तुकड्यात. कुणीही हसलं नाही. मी आजवर विनोद म्हणून जे जे केलंय त्यातलं हे एकच असं, ज्याला कुणी हसलं नाही आणि मला वाईट वाटलं नाही.

दादा बाहेर गेले. त्यांच्या मागं फोटोग्राफर, मेव्हणा, भिंतीला टेकलेली निम्मी पोरं. अण्णासाहेब बसून राहिले. त्यांना उठायला कुणाचा तरी हात लागायचा आणि तो मागायची त्यांची हिंमत होत नव्हती.

"चला," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी सुई भरली, ताईंच्या सायकलपाशी आल्या आणि थांबल्या. ताईंनी ब्लाउजची बाही वर केली होती. मान दुसरीकडं वळवलेली. दंड थरथरत होता, सगळाच्या सगळा, मशीनखाली कापड थरथरतं तसा.

सिस्टर वाकल्या. "हात लावू का?" त्यांनी विचारलं.

ताईंनी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

"लावा," त्या म्हणाल्या.

सिस्टरांनी एका हातानं दंड धरला, दुसऱ्यानं सुई दिली. झालं. कापसाचा बोळा दाबला. दंड थरथरायचा थांबला नव्हता. मला आधी वाटलं त्या रडताहेत, पण डोळे कोरडे होते. तो राग होता, वर्षभराचा, आणि त्याला जायला दुसरी वाट नव्हती.

मागून कुणीतरी म्हणालं, "सिस्टर, पुढचं घ्या की."

सिस्टरांनी बोळा काढून बघितला. रक्त कधीच थांबलं होतं. त्यांनी तो टोपलीत टाकला, हात मात्र तिथंच ठेवला.

"धरू अजून?" त्यांनी विचारलं.

"धरा," ताई म्हणाल्या.